जप्तीमामांची बादली

सई, नील, चौदा फेब्रुवारीला तुमचा फोन आला तेव्हा तुम्ही वर्गात वाटायची कार्डे मला दाखवत होता. प्रत्येक मुलासाठी एक, बाईंसाठी एक, आणि नीलने शाळेच्या बसच्या ड्रायव्हरकाकांसाठी केलेले, बदामाला डोळे आणि मिशा काढलेले एक. मग सईने विचारले, "आजी, जिंतूरला हा दिवस करतात का?" मी म्हणाले, "करतात की," आणि तुम्ही जेवलात का ते विचारले. उत्तर अर्धे ठेवायची मला सवय नाही. म्हणून आज ओटा आवरून, टेबल पुसून लिहायला बसले आहे. अडेल तिथे आई वाचून दाखवील. आमच्याकडे हा दिवस कसा करतात ते सांगायचे, तर मला जप्तीमामांबद्दल सांगावे लागेल.

जप्तीमामांना गुलाबाचा वास यायचा. तो सगळ्यांनाच येतो, पण मामांना तो बंद सॅकमधून, डब्यातल्या लसणाच्या चटणीला ओलांडून यायचा. मी ज्या कॉलेजात इंग्रजी शिकवत होते तिथे ते फाटकावर वॉचमन होते. उंच, किंचित डावीकडे कललेले, खाकी शर्टाचे वरचे बटनसुद्धा लावणारे. त्यांचे खरे नाव फक्त पगाराच्या दिवशी ऐकू यायचे. एरवी मुले, प्राध्यापक आणि चहावालासुद्धा त्यांना जप्तीमामाच म्हणत.

तेरा तारखेला प्राचार्य माइकवरून सांगत, "उद्या कॉलेजात गुलाब आणायला सक्त मनाई आहे." चौदाला सकाळी मामा फाटकाशी स्टूल टाकून बसत. शेजारी निळी प्लॅस्टिकची बादली, तिच्यात बोटभर पाणी. मुलगा जवळ आला की ते नुसता हात पुढे करत. "काढा साहेब," एवढेच म्हणत. मुलगा म्हणे, "काय काढू मामा? काहीच न्हाई." मामा म्हणत, "मग सॅकमधून वास कशाचा यायलाय? काढा." गुलाब बादलीत पडे. पाणी कशाला, असे मी एकदा विचारले. मामा म्हणाले, "गुन्हा पोरायचा हाय मॅडम. फुलाला कशाला तहानलेलं ठेवायचं?"

तेवढा एक दिवस सगळे गाव त्या फाटकासारखे होई. बसस्टँडजवळच्या दुकानात लाल टेडी टांगलेले असत आणि दुकानदार ते विकताविकता "आजकालच्या पोरांना लाजच राहिली नाही" असे म्हणत असे. चारठाण्याच्या जुन्या देवळांकडे फोटो काढायला जाणारी जोडी एकाच एसटीत बसे, पण मुलगी पुढे बायकांत आणि मुलगा पार मागे. मध्ये बसलेली सगळी बस दोघांकडे आळीपाळीने बघत असे. मुलाला कुणी बघितले तर ते हसण्यावारी जाई. मुलीला बघितले तर संध्याकाळपर्यंत तिच्या घरी निरोप पोचलेला असे. तुमच्या वर्गात हा दिवस सर्वांचा असतो. आमच्याकडे तो पकडणाऱ्यांचा असतो.

मामांचा मोठा अभिमान एकच होता, ते माणूस बघून हात मागे घेत नसत. एकदा संस्थेच्या अध्यक्षांचा पुतण्या नव्या मोटारसायकलवरून आला. मामांनी हात पुढे केला. तो म्हणाला, "मी कोण आहे माहीत आहे का?" मामा म्हणाले, "माहीत हाय की. तुमच्या काकांनीच मला इथं बसवलंय. काढा साहेब." फूल बादलीत पडले. आम्ही स्टाफरूमच्या खिडकीतून बघत होतो, आम्हाला फार बरे वाटले. दुपारी चहाच्या टपरीवर मामांच्या चहाचे पैसे कुणीतरी परस्पर देऊन टाकले. गावात एक बोलणे रूढ झाले, की जप्तीमामाने धरले म्हणजे तिथे काहीतरी असणारच.

त्या गुलाबांचे पुढे काय होते ते मला तिसऱ्या की चौथ्या वर्षी कळले. गुढीपाडव्याच्या सुमारास मामा एक काचेची बरणी घेऊन घरी आले. गुलकंद! मामी जप्त केलेल्या गुलाबांच्या पाकळ्या निवडून, खडीसाखरेचे थर देऊन उन्हात ठेवत. तुमचे आजोबा चमचाभर खाऊन म्हणाले, "अख्ख्या तालुक्याचे प्रेम आहे हे. पचेल ना?" मामा इतके हसले की डोळे पुसावे लागले. तेव्हापासून दरवर्षी बरणी येई आणि मी ती धुऊन, आत काहीतरी घालून परत पाठवत असे.

मामी आणि मामा आधी ऊसतोडीला जात. तुम्हाला माहीत नसेल, आपल्या भागातून दसरा-दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबे ऊस तोडायला पश्चिमेकडे जातात आणि पाडव्याच्या आसपास परततात. तिथे नवराबायको मिळून एक कोयता धरतात. एकट्या माणसाला मजूर नेणारा मुकादम अर्धा कोयता म्हणतो आणि अर्धा कोयता कुणाला नको असतो. म्हणून हंगामाच्या तोंडावर लग्ने उरकतात. मामा म्हणत, "तुमचं लगीन आईबापानं लावलं असंल मॅडम. आमचं मुकादमानं लावलं. हळद निघायच्या आधी उसाच्या फडात होतो." मामी आतून म्हणत, "अन् पहिल्याच दिवशी मला म्हनले, मोळी नीट बांध." मामा म्हणत, "मग काय गाणं म्हनायचं होतं?" मोळ्या वाहूनच मामांची पाठ गेली आणि ते डावीकडे कलले. तेव्हा कुणाच्या तरी ओळखीने ही फाटकावरची नोकरी मिळाली. ती पक्की नव्हती, पण बारमाही होती.

ती नोकरी त्यांनी एका गोष्टीसाठी धरून ठेवली होती. त्यांची मुलगी अर्चना. "हिच्या हातात कोयता येऊ द्यायचा न्हाई," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकले की मला त्याचा सूरही पाठ आहे. अर्चना माझ्याच वर्गात बी.ए.ला होती. हुशार होती. उत्तर येत असले तरी आधी इकडेतिकडे बघून मग हात वर करणारी. तिला शिक्षिका व्हायचे होते. ती फाटकातून आत येई तेव्हा मामा तिच्याकडे बघत नसत, पण त्यांची मान जरा सरळ होई.

पुढे पुढे बादलीतले गुलाब बदलले. आधी मुले घरच्या, शेजारच्या झाडांचे गावठी गुलाब आणत, विस्कटलेले, पण वासाचे. मग नांदेडहून लांब दांड्याचे, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले, सगळे एका मापाचे गुलाब यायला लागले. त्यांना वास नसे. मामा ते प्लॅस्टिकच्या चुरचुरीवरून धरू लागले. त्या वर्षीचा गुलकंद साखरेच्या पाकासारखा लागला. बरणी देताना मामा ओशाळून म्हणाले, "ह्या फुलायला वासच न्हाई मॅडम. मामीनं आपल्या झाडाची दोन टाकलीत, म्हनून तरी इतकं." त्यांच्या दारात, न्हाणीचे पाणी जाई तिथे, एक जुना गावठी गुलाब होता.

आता तो दिवस सांगते. चौदा तारीख, सकाळचे तास. मी फाटकातून आत आले आणि ओळखीचा वास आला. बादली प्लॅस्टिकमधल्या गुलाबांनी अर्धी भरली होती, हा वास तिचा नव्हता. माझ्या मागून अर्चना येत होती. तिच्या वेणीत एक गुलाब होता. लपवलेला नव्हता, सरळ वेणीत खोचलेला, विस्कटलेला, गुलाबी. मामांनी तो पाहिला. मागे मुलामुलींची रांग होती.

मामांनी हात पुढे केला.

"आबा," अर्चना म्हणाली, "आपल्याच झाडाचं हाय."

"काढ."

"आबा, मी कुणाला द्यायला न्हाई आणलं. माळलंय."

"आज झाड न्हाई बघायचं. तारीख बघायची. काढ."

तिने काढले नाही. मामा स्टुलावरून उठले, तिच्या वेणीतले फूल स्वतःच्या हाताने उपटले आणि बादलीत टाकले. रांगेतून कुणीतरी शिट्टी मारली. मामांची मान ताठ होती. त्यांना वाटले, आपण पोटच्या पोरीलाही सोडले नाही, हे लोकांनी बघितले. लोकांनी वेगळेच बघितले.

दुपारपर्यंत बसस्टँडवर बातमी होती की जप्तीमामाच्या पोरीकडे गुलाब सापडला. कुणी दिला, एवढेच ठरायचे राहिले होते, आणि संध्याकाळपर्यंत त्यासाठी दोनतीन मुलांची नावेही घेऊन झाली. चारठाण्याकडून मामांचे थोरले भाऊ आले. मामा लोकांना समजावत होते की ते घरचे फूल होते. भाऊ म्हणाले, "घरचं होतं तर काढलं कशाला? तूच धरलीस की रे. तुझ्या हातानं डोक्यातलं उपटलंस. आता लोकायला काय सांगू, जप्तीमामा चुकला म्हनून?" इतकी वर्षे त्यांनी धरले म्हणजे खरे, असे गाव मानत होते. ज्या बोलण्याचा त्यांना अभिमान होता, तेच आता त्यांच्या दारात येऊन बसले.

मी त्यांच्या घरी गेले. मामा बाजेवर बसून होते. मी म्हणाले, "मामा, मुलीला एकदा सरळ विचारा तरी." ते म्हणाले, "विचारून काय करू मॅडम? कुणी दिलं म्हनली तर ती चुकली, अन् न्हाई म्हनली तर मी चुकलो." मी म्हणाले, "मग तुम्ही चुकलात असे म्हणा. जगबुडी होणार नाही." त्यांनी मला कधी उलट उत्तर दिले नव्हते, त्या दिवशीही दिले नाही. फक्त म्हणाले, "तुमाला सोपं हाय."

चहा अर्चनाने आणला. निघताना माझ्याबरोबर दारापर्यंत आली आणि त्या झाडापाशी थांबून हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, सकाळी इथून निघाले तर लय वास आला. म्हनून तोडलं. एवढंच." मग म्हणाली, "आबानं ठेवलं असतं तर लोकं आबाला बोलले असते. काढलं, म्हनून मला बोलायलेत."

वैशाखात तिचे लग्न झाले. स्थळ वालूरकडचे, मामांच्या थोरल्या भावानेच आणलेले. मुलगा निर्व्यसनी, मेहनती, आईवेगळा. त्या हंगामात तो एकटा होता म्हणून मुकादमाने त्याला अर्धा कोयता म्हणून परत पाठवला होता. पुढच्या हंगामाआधी त्याला जोडी हवी होती. जेवणाच्या पंगतीत सगळे म्हणत होते, बरे झाले, वेळेत झाले. मामा वाढत होते. मला जिलेबी वाढताना त्यांचा हात थांबला. दसरा झाला आणि अर्चना कोयता घेऊन गेली. बी.ए.चे शेवटचे वर्ष तसेच राहिले.

पुढच्या फेब्रुवारीत प्राचार्यांनी माइकवरून नेहमीची घोषणा केली. चौदाला मामा स्टूल टाकून बसले, बादली ठेवली, बोटभर पाणी घातले. मुले आत जात राहिली. चुरचुर ऐकू येत होती, एका मुलाच्या सॅकमधून तर दांडी बाहेर आली होती. मामांचा हात मांडीवरच राहिला. बारा वाजता प्राचार्य तावातावाने खाली आले. "मामा, बादली रिकामी कशी?" मामा उभे राहिले, वरचे बटन चाचपले आणि म्हणाले, "सर, मला आता वास येईना."

त्याच वर्षी अर्चनाला मुलगी झाली. बाळ सव्वा महिन्याचे होते तेव्हा हंगाम लागला. नवरा काही एकटा जाऊ शकत नव्हता, म्हणून ती बाळाला घेऊन निघाली. फडात बाळ कुठे ठेवणार? उसाच्या पाचटावर, झोळीत. मामांनी नोकरी सोडली आणि मामींना घेऊन त्याच टोळीबरोबर गेले. मामी लेकीच्या मोळ्या वाहतात. मामांच्या पाठीने ऊस होत नाही, ते कोपीपाशी, म्हणजे फडाजवळच्या पाचटाच्या खोपटापाशी, बसून नातीला सांभाळतात. जायच्या आदल्या दिवशी मला भेटायला आले होते. मी म्हणाले, "मामा, या वयात?" ते म्हणाले, "मॅडम, फाटकावर बसून एवढं केलं. आता कोपीच्या तोंडाशी बसतो. तिथं कुनाचं काही काढून घ्यायचं न्हाई." मी त्यांची धुतलेली बरणी पुढे केली. ती त्यांनी घेतली नाही.

सई, तुझा फोन आला त्या दिवशी सकाळी मी बँकेतून परतताना कॉलेजवरून आले. म्हणून विषय बदलला. अर्चना त्या वेळी नवऱ्याबरोबर कुठल्यातरी फडात ऊस तोडत होती. मुकादमाच्या भाषेत ती दोघे मिळून एक आहेत. मामा पाडव्याला येतात, भेटतात, नातीचे बोलतात. अर्चना आली तर मान खाली घालून हसते. वेणीत फूल मी पुन्हा पाहिले नाही. त्यांचे घर हंगामभर कुलूपबंद असते, पाणी घालायला कुणी नसते, त्यामुळे दारातला गुलाब वाळून गेला. माझ्या फडताळातली बरणी धुऊन पुसून ठेवलेली आहे, रिकामी.

बादली मात्र अजून आहे, त्या सकाळी फाटकाशी बघितली. निळी, तीच, कडेला चीर गेलेली. फाटकावर आता दुसरा वॉचमन बसतो. पाणी घालत नाही.