राजाच्या मानेवर केस आले

मंडळी, उद्या पोळा. आज सांजेला बैलांचे खांदे शेकताना जे झालं ते सांगतो, तुमच्याही कामी पडेल.

आमच्या राजा बैलाच्या मानेला आणि डोळ्यांभोवती गजकर्ण झालं होतं. गोल चट्टे, वर राखाडी खपल्या, केस गेलेले. शेजारचे डोमाजी आपली जोडी त्याच्याजवळ येऊ देईनात. त्यांचंही बरोबर होतं, हा रोग एकाचा दुसऱ्याला लागतो. पण पोळ्याच्या तोरणाखाली, बैलांच्या रांगेत राजाला कोण उभं राहू देणार, हा माझा घोर.

रॉकेल लावा असं सगळे सांगत, पण महायुद्धाच्या टंचाईत ते दिव्यालाही पुरत नव्हतं. मग तिरोड्याहून गंधक आणलं आणि करंजाच्या तेलात कालवून लावलं. खपल्या गळाल्या, तरी केस येईनात. मी रोज आणखी जोरानं चोळायचो.

एक दिवस बायकोनं वाटीच ओढून घेतली. "रोग गेला जी. आता काऊन घासून राहिले? कोवळे केस तुमच्याच हातानं निघून राहिले." तेव्हापासून मला चोळायची बंदी.

आज पळसाच्या पानानं खांद्याला हळद-लोणी लावत होतो, तेवढ्यात डोमाजी आले. राजाच्या मानेवरून हात फिरवत म्हणाले, "मखमल आहे. उद्या माझ्या जोडीले लागूनच उभा कर."

ते गेल्यावर मीही हात फिरवला. एकदा, मग पुन्हा. गोठ्याच्या दारातून बायको म्हणाली, "झालं असंल तर सोडा आता त्याले."

तुमच्या घरी हात आवरायला कोण सांगतं?