माकडटोपीतलं पातेलं

कोलकात्यात, बागबाजारात आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या मराठी काकांचा आवाज ऐकून सगळ्या इमारतीला वाटतं, रक्तदाब त्यांनाच आहे. खरं तर तो आहे काकूंना. काका फक्त उपाय करतात. मूग-उडीद भिजवायचे, वाटायचे, आंबवायचे आणि त्याची बिनमिठाची धिरडी काकूंच्या पानात वाढायची. "गोळी सोडायची नाही, पण आंबवलेली डाळ रक्तदाबाला चांगली!" असं ते जिन्यात भेटेल त्याला सांगतात. बंगाल्यांना बंगालीत, मला मराठीत, आणि दोन्हीकडे ओरडून. मग ते मिठावर येतात. मी तर हल्ली लोणच्याची बरणी पिशवीत दडवूनच जिना चढते.

परवा थंडी पडली आणि त्यांचं पीठ काही फुगेना. संध्याकाळी मी त्यांची वाटी परत करायला गेले, तर पिठाच्या पातेल्याला काकांची माकडटोपी घातलेली! शेजारी काका बोडक्या डोक्याने शिंका दाबत बसले होते.

"हळू बोल," ते मला म्हणाले, "पीठ दचकेल."

काकांना कुजबुजता येतं, हे मला तेव्हा कळलं.

काकू शिळं धिरडं चावत म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून मला कधी एवढ्या मायेनं पांघरूण घातलं नाही हो यांनी."

काका उठले. आत गेले, स्वतःची शाल आणली, काकूंना गळ्यापर्यंत नीट गुंडाळली, मग पातेल्यावरची टोपी जरा खाली ओढली आणि पुन्हा कुजबुजले,

"आता सकाळपर्यंत दोघंही हलू नका."