दोन वर्षं वाढवल्या त्या दुसऱ्याच पेशी

यवतमाळच्या बसस्टँडवर मला सोडायला आई, बाबा आणि दिनूकाका आले होते. तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन खाऊन काकाचं तोंड दोन बोटांपुरतंच उघडायचं. तरी म्हणाला, "तिकडं शीक अन् ह्याच्यावर काहीतरी शोध वो बाई." बाबा शिलाईचं दुकान तसंच उघडं टाकून आले होते. आई रडली. मी नाही रडले, मला बंगळूरची घाई झाली होती. आज त्याची लाज वाटते.

दुसऱ्याच वर्षी काका तोंडाच्या कॅन्सरनं गेला. त्यानंतर मी लॅबच्या मॅडमकडून त्याच कॅन्सरच्या पेशींवर काम मागून घेतलं. पेशी डिशमध्ये वाढवायच्या, दर दोन दिवसांनी त्यांचं अन्न, म्हणजे मीडियम, बदलायचं. त्यांना ना रविवार कळतो ना दिवाळी. तुम्ही यवतमाळची सगळी मंडळी फोनवर चिडायचात, "सणालासुद्धा येत नाही, तिथं काय लेकरं ठेवलीत का?" होय बाप्पा, लेकरंच होती!

एका औषधानं त्या पेशी पटापट मरायला लागल्या. जर्नलला पाठवायचा पेपर लिहून तयार, पहिलं नाव माझं. पेशी खरंच त्याच आहेत ना, याची एक तपासणी असते. ती मी दोन वर्षं टाळली होती, कारण माझ्या हातून कशी चूक होईल, हा तोरा. शेवटी केली. पेशी तोंडाच्या नव्हत्याच! दुसऱ्या कामासाठी मी स्तनाच्या कॅन्सरच्या पेशी वाढवत होते आणि आळसानं दोन्हींना एकाच बाटलीतला मीडियम घालायचे. त्यातून त्या इकडे शिरल्या, भराभर वाढल्या आणि तोंडाच्या पेशी कधीच संपल्या.

निकालाचा मेल फक्त मला आला होता. खोटं कशाला बोलू, दडपायचा विचार आला. दुपारभर तशीच बसले. मग काकाचं तोंड आठवलं आणि उठून मॅडमच्या केबिनमध्ये गेले. सगळं सांगितलं. त्यांनी निकाल मागून वाचला. मग म्हणाल्या, "पेपर थांबव. सोमवारपासून नव्यानं." सगळ्या डिशांत मी माझ्या हातानं ब्लीच ओतलं.

संध्याकाळी राजाजीनगरला, माझ्या खोलीवर आले. घरमालकीण सरोजक्का पिढ्यान् पिढ्या इथल्याच मराठी कुटुंबातली, बोलते ते निम्मं कन्नडात. माझा चेहरा बघून म्हणाली, "स्वल्प रडून घे, मग जेव. सरी? ठीक?" भरपूर रडले आणि भरपूर सारू-भात, म्हणजे आपला सार-भात, जेवले. मग बाबांना फोन केला. ते म्हणाले, "माप चुकलं हे तूच सांगितलं ना? मग उसव अन् पुन्हा शिव. काऊन रडते?"

पुन्हा शिवायला तीन वर्षं लागली. खऱ्या पेशींवर ते औषध चाललंच नाही. दुसरं एक मात्र त्यांची वाढ थांबवतंय. अजून डिशमध्येच, माणसापर्यंत पोचायला खूप अवकाश आहे. पण थांबवतंय! आता माझ्या हाताखाली तीन पोरी आहेत. प्रत्येकीच्या बाटल्या वेगळ्या, आणि त्यावरून मी इतकी कटकट करते की त्या पाठीमागे मला सासूबाई म्हणतात.

तुम्ही विचारता, घरी कधी येणार? या दिवाळीला येते, पेशींना खाऊ घालायला पोरी आहेत. पण येईन ती माहेरपणाला. सगळं बुडालं त्या संध्याकाळी मी यवतमाळची बस धरली नाही, राजाजीनगरला गेले. माझं घर बदललं ते तेव्हाच, मला कळलं मात्र आत्ता, तुम्हाला हे लिहिताना.