मामांचं कर्तन

आमच्या हिच्या मामांइतकं मन लावून चहा ढवळणारा माणूस अख्ख्या पुण्यात दुसरा नसेल. साखर ते घेत नाहीत. नुसतंच ढवळतात, तेही एकाच दिशेनं, आणि मध्येच चमचा थांबवून सांगतात, "बघा जावईबापू, सूर्याच्या पोटात हेच चाललंय." मामा कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झाले. सूर्याला एवढं मोठं चुंबकीय क्षेत्र येतं कुठून, हा एकच प्रश्न त्यांनी आयुष्यभर पुरवून वापरला. त्यांचे हुशार विद्यार्थी एकजात सॉफ्टवेअरमध्ये गेले, मुलगी कॅलिफोर्नियाला गेली, धायरीत त्यांच्या घरासमोरच्या शेतात सात मजली इमारत आली. मामा सूर्याच्या पोटातून बाहेर आले नाहीत. एकदा कात्रजच्या चौकात त्यांनी मला भर रहदारीत अर्धा तास उभं केलं. रिक्षांकडे बोट दाखवून म्हणाले, "ही नुसती खळबळ. हिच्यातून काही निष्पन्न होत नाही." शेजारच्या हवालदारानं मान डोलावली.

मामांची एकच इच्छा होती. आपण जन्मभर काय केलं, ते मामींना एकदा तरी कळावं. मामी ऐकायला बसत, पण 'परिवलन' हा शब्द आला की त्यांना हमखास गॅसवरचं दूध आठवे. उरलेलं वाक्य मामा भिंतीला सांगत.

त्यामुळे ज्येष्ठ नागरिक संघानं व्याख्यानाला बोलावलं, तेव्हा मामांनी महिनाभर तयारी केली, ती फक्त मामींसाठी. विषय कागदावर स्वच्छ अक्षरात लिहून दिला: 'सूर्याचे चुंबकीय क्षेत्र : खळबळ, परिवलन व कर्तन'. शेजारशेजारचे थर वेगवेगळ्या वेगानं सरकू लागले की त्याला पाठ्यपुस्तकात कर्तन म्हणतात. पाटी रंगवणाऱ्याला पाठ्यपुस्तक ठाऊक नव्हतं, शुद्धलेखन ठाऊक होतं. त्यानं 'कर्तन'चं 'कीर्तन' केलं आणि वर चूक सुधारल्याचे पैसे घेतले नाहीत. सभागृह गच्च भरलं. दोघे जण टाळ घेऊन आले होते. खुलासा झाल्यावर एक आजोबा म्हणाले, "कीर्तन नाही तर नाही. कॉफी आहे ना?" कॉफी होती, म्हणून सगळे बसले.

मामा बोलू लागले. सूर्याच्या पोटात तप्त वायू उकळतो, त्या खळबळीत चुंबकत्वाचे बारीक धागे वेडेवाकडे गुंततात. सूर्य स्वतःभोवती फिरतो, म्हणून त्या गुंत्याला ठरावीक पीळ पडतो. इथवर ठीक होतं. मग त्यांनी तीनदा 'कर्तन' म्हटलं आणि तिन्ही वेळा टाळवाले हसले. मामा घामाघूम झाले. मला वाटलं, आता हे खाली बसणार.

"अहो," पहिल्या रांगेतून मामी म्हणाल्या, "सूर्याचा मधला भाग भराभर पुढे जातो नि टोकं मागे रेंगाळतात, असंच ना? मग धाग्याला ओढ बसणारच. ओढ म्हणा की सरळ!"

मामा चष्म्यावरून त्यांच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ओढ. ओढीनं धागा लांबतो, त्यात जोर साठतो. खळबळ, पीळ आणि ओढ, तिन्ही जमली की सूर्यभर क्षेत्र उभं राहतं." पुढचं व्याख्यान त्यांनी कागद न बघता दिलं. इतके खूश मामा मी कधीच पाहिले नव्हते.

यंदा मामी मुलीच्या बाळंतपणासाठी सहा महिने कॅलिफोर्नियाला गेल्या आहेत. मामा गेले नाहीत. त्यांचं गणित संपायचं होतं. परवा मी गेलो तर टेबलावर दोन कप भरलेले होते. मला वाटलं, दुसरा माझ्यासाठी. तर तो गार होऊन साय धरलेला होता. मामांनी चमचा उचलला, थोडं ढवळलं आणि खाली ठेवला.

"जावईबापू, लांब गेलं की ओढ वाढते, हे मी तीस वर्षं फळ्यावर जड शब्दांत लिहीत होतो," ते म्हणाले. "खरं असतं हो ते."

मग त्यांनी विमानाच्या तिकिटाला किती पडतात, ते मला विचारलं.