आडव्या सळया

कापलेल्या स्टीलला एक वास असतो. लोखंडाचा वास मातीसारखा, घामात मिसळून जाणारा. स्टीलचा मात्र पातळ, थंड, दातांना झोंबणारा, जणू आपण कापले गेलो हे त्या धातूला मान्यच नसावं. चैत्रातली ती दुपार आठवली की आधी तो वास येतो, मग त्याच्यावर तरंगत दारातल्या लिंबाच्या मोहोराचा कडवट-गोड गंध येतो, आणि मग माझ्या वेल्डिंगच्या दुकानाच्या पुढ्यात दोन पोत्यांवर पालथं घातलेलं, माशासारख्या गुळगुळीत पोटाचं ते यंत्र डोळ्यांपुढं उभं राहतं.

माझ्या मुलाचं, म्हादाचं यंत्र. पाण्यावर पळणारी स्कूटर म्हणा. पण हिला ना चाक, ना बसायला जागा. मागच्या सपाट पाटावर माणसानं उभं राहायचं, लांब दांड्याच्या टोकाचं हँडल धरायचं, आणि तोल हाच आपला देव समजायचा. तिच्या पोटाला एक तोंड असतं. आतला पंखा त्या तोंडानं पाणी ओढतो आणि मागं फेकतो, त्या धक्क्यानं ती पुढं धावते. खडा, गवत पंख्यात जाऊ नये म्हणून तोंडावर जाळी. तिची मूळची जाळी झिजलेली, पोचट. एकदा खडा आत जाऊन पंख्याची कड मोडली होती आणि लाटेवर नाक उचललं की तोंडात पाण्याऐवजी वाराच शिरे. ती बदलून दमदार जाळी बसवायची होती, आणि ती मी करायची होती.

केम स्टेशनापासून आमचं गाव फार लांब नाही, आणि धरणाच्या फुगवट्याचं पाणी तर गावाच्या पायाशी येऊन थांबलेलं. हिवाळ्यात रोहित पक्षी बघायला शहरातली माणसं येतात, त्यांना होडीतून फिरवायचं काम म्हादा करी. या यंत्राचं वेड त्याला चाळिशीच्या उंबऱ्यावर लागलं. कोकणकिनाऱ्यावर पाण्यातले खेळ चालवणारा एक मालक रविवारी येणार होता. म्हादाचं चालवणं पसंत पडलं तर शिकवणारा म्हणून त्याला तिकडं नेणार होता. बायकोसह, बिऱ्हाडासह. मी चहाच्या हॉटेलात चार माणसांदेखत बोललो होतो, “पाण्यावर नाचून कुणाचा संसार झालेला मी बघितला न्हाय. जातो म्हणतोस? बघू कसा जातोस.” बोललेलं मी कधी परत घेत नाही.

तरीही तो माझ्याकडंच आला. शाळा मी चौथीला सोडली, पण सगळ्या तालुक्यात बंधाऱ्यांच्या दारांना, विहिरींच्या पायपांना माझ्या हातच्या जाळ्या आहेत. त्यानं मोबाईलवरचा फोटो माझ्या डोळ्यांपुढं धरला.

“आण्णा, ह्याच्यासारखी पायजे. चार उभ्या सळया, आन खाली ही जीब. नाक उचललं तरी ही जीब पाणी आत ढकलती.”

“आन आडव्या?”

“आडव्या नसत्यात.”

“नसत्यात म्हंजी? जलपर्णी काय फोटो बघून आत शिरणार हाय का?”

तो हसला. “तुमी करा तर खरं.”

त्या हसण्याला मी होकार समजलो. बाप-लेकात असंच चालतं. बोललेल्यापेक्षा न बोललेल्याचा अर्थ आपल्या सोयीनं लावायचा.

तीन दिवस आम्ही एका वाईसच्या पकडीपाशी उभे होतो. किती वर्षांनी, ते मला सांगता येणार नाही. तो सळई धरी, मी घाशी. ठिणग्यांच्या उजेडात त्याचा चेहरा क्षणभर उजळे नि विझे, आणि दर उजेडात तो मला वेगळ्याच वयाचा दिसे. जीभ वाकवताना मी तिला असा गोलावा दिला की त्यानं बोट फिरवून नुसती मान डोलावली. तेवढ्यानं मला भरून पावल्यासारखं झालं. तो जाण्यासाठीच हे सगळं चाललंय, हे त्या तीन दिवसांत माझ्या ध्यानातच राहिलं नाही. की ध्यानात होतं म्हणूनच मी इतका सावकाश घाशीत होतो?

शनिवारी तो काठावर जागा साफ करायला गेला. मी एकटा होतो. विहिरीत सोडलेल्या पायपाच्या तळाला जी झडप नि जाळी असते तिला आमच्याकडं फुटबॉल म्हणतात. खरं नाव काही वेगळं आहे म्हणे, पण आमच्या पिढीनं फुटबॉलच म्हटलं आणि त्यावर मळे पिकवले. फुटबॉलची जाळी जितकी बारीक, तितकी मोटार सुखी, ही माझी आयुष्यभराची विद्या. जे तोंड पाणी ओढतं त्याला आडवं काही नसेल तर घाण आत जाणारच, यात मला तिळमात्र संशय नव्हता. फोटो काढणाऱ्यानं आमचं पाणी बघितलं नव्हतं. उभ्या सळयांवर मी तीन आडव्या सळया जोडल्या, सांधे चंद्रासारखे घासून चमकवले, जाळी बसवली, चारही बोल्ट माझ्या हातानं आवळले आणि यंत्र सुलटं करून ठेवलं. म्हादानं ते सुलटंच बघितलं.

रविवारचं ऊन कोवळं होतं. पाणी ओसरून काठाचा गाळ भेगाळला होता, पलीकडं रोहितांची गुलाबी रेघ थरथरत होती. म्हादानं गुडघ्यांवर बसून यंत्र सुरू केलं आणि वेग येताच उभा राहिला. पहिल्या फेरीत ते पाण्याला असं धरून पळालं की मालकानं डोळ्यांवरचा गॉगल काढला. म्हादानं दुरून माझ्या दिशेनं हात वर केला. माझ्या दिशेनंच, तिथं दुसरं कोणी नव्हतं.

“त्या हिरव्या पट्ट्याला वळसा घालून या,” मालक ओरडला.

वळसा घालताना तो जलपर्णीच्या कडेतून गेला. इंजिनचा आवाज एकाएकी वर चढला, रिकामा, किंचाळणारा. पंखा फिरत होता, पण त्याला पाणीच मिळत नव्हतं. वेग गेला तसं यंत्र खाली बसलं, कलंडलं, आणि म्हादा गळ्यापर्यंत पाण्यात. एका मच्छीमाराच्या होडीनं म्हादाला नि यंत्राला ओढून आणेपर्यंत मालक सभ्यपणे उभा राहिला. मग “बघू, कळवतो,” म्हणाला आणि गाडीत बसला.

म्हादानं यंत्र पालथं घातलं. जलपर्णीची काळी मुळं, मासेमारीच्या जुन्या जाळ्याची दोरी, सगळं माझ्या तीन सळयांवर वेणीसारखं गुंफलं गेलं होतं. मुठीएवढीही वाट उरली नव्हती.

“फोटोत आडव्या न्हवत्या, आण्णा.”

मी वाकून सळईवरचं एक मूळ सोडवू लागलो.

“माझ्या माघारी जोडल्या. म्हंजी शेवटी आडवं आलातच.”

दोन शब्द पुरले असते. “आसं हुईल हे मला कळलं न्हाय,” एवढंच. पण ते म्हणायचं तर पाणी ओढणाऱ्या तोंडाची जी विद्या मी जन्मभर मिरवली ती अपुरी होती, हे भर काठावर, माझ्याच मुलापुढं म्हणावं लागलं असतं.

संध्याकाळी हॉटेलात एकजण म्हणाला, “म्हातारा लई बेरकी. जाऊ दिला न्हाय म्हंजी न्हायच की.” दुसरा म्हणाला, “शब्द खरा केला गड्यानं.” मी बशीत चहा ओतला आणि मिशीत हसलो. लपवण्यात अर्थ नाही, मला बरं वाटलं. अडाणी ठरण्यापेक्षा दुष्ट ठरणं सोपं असतं.

घरात मात्र बायकोनं ताट पुढं सरकवलं आणि तिथंच उभी राहिली. “आवं, लेकाच्या वाटंवर काटं पेरताना हात तरी थरथरला का?”

“माजा हात थरथरत न्हाय,” मी म्हणालो.

मालकानं कळवलं नाही. म्हादा तरीही गेला. यंत्र कुणाच्या तरी टेम्पोत चढवून दिलं, जाळी सोडवून माझ्या ऐरणीवर ठेवली आणि बायकोला घेऊन किनाऱ्यावरच्याच एका गावी गेला. शिकवायला नव्हे, होड्या काठाला बांधायला आणि लोकांच्या अंगावर जाकिटं चढवायला.

वैशाखात कालव्याला पाणी सुटलं तेव्हा मी जाळी घेऊन गेलो. प्रवाहात धरली आणि वरच्या अंगाला मूठभर शेवाळ सोडलं. उभ्या सळयांवर आलेलं शेवाळ अलगद घसरून मागं निघून गेलं. आडव्या सळईवर आलेलं अडकलं, त्याच्यावर दुसरं बसलं, आणि बघता बघता पाणी जाळीपुढं कुबड काढून उभं राहिलं. विहिरीतलं पाणी एका जागी उभं असतं, पायपाचं तोंडही उभं असतं. म्हादाच्या यंत्राचं तोंड धावतं होतं. धावत्या तोंडाला चाळणी नको, वाट पाहिजे. इतकी साधी गोष्ट, आणि ती सांगावी असा माणूस जवळ नव्हता. त्या सळया कापून टाकाव्यात असं मनात आलं. पण कापल्या असत्या तर चूक झाली होती हे त्या स्टीलनंच सांगितलं असतं.

भाद्रपदातल्या एका दुपारी त्याचा फोन आला. बायको शेजारी गेली होती, म्हणून मी उचलला. पावसानं धुतलेलं पिवळं ऊन उंबऱ्यावर पडलं होतं. त्यानं आईचं विचारलं, पाण्याचं विचारलं.

“आण्णा, एक इचारू? त्या सळया... चुकून झालं आसंल, तर तसं सांगा. मी काय म्हणणार न्हाय. गणपती झालं की घरीच येतो.”

त्याच्या आवाजात कसलीही अट नव्हती. तो हात पुढं करून थांबला होता, मी फक्त सळई धरायची होती. कालव्याचं सगळं माझ्या ओठांवर आलं, शेवाळासकट, पाण्याच्या त्या कुबडासकट.

“माजं काम चुकत न्हाय, म्हादा,” मी म्हणालो.

“बरं,” तो म्हणाला.

फोन कसा बंद करायचा ते मला नीट येत नाही. पलीकडं समुद्र असेल तर तो तरी ऐकू यावा म्हणून मी तो तसाच कानाला धरून बसलो. ऊन उंबऱ्यावरून खाली उतरलं. जे वाचवलं ते नेमकं काय, आणि आता ते कुणासाठी ठेवायचं, हे मला अजून उलगडलेलं नाही.