अमोनियाचा लाडू

ये वो भाची, जवळ बस अशी. मनानंच बस, कारण पायानं तर तू काही येत नाहीस. नागपूरहून गाडीत बसायचं अन् पावर हाउस स्टेशनले उतरायचं, एवढंच काम. पण तुले सगळं फोनवर पाहिजे. "मावशी, नातीचं सायन्स वाचलं म्हणे, कसं वाचलं?" आता हे काय फोनवर सांगायसारखं आहे? म्हणून लिहून पाठवते. नीट वाच, अर्धं सोडू नको.

तर झालं असं. नात अकरावीत. रसायनशास्त्राच्या टेस्टमध्ये नापास झाली. तिचा बाप, म्हणजे माहा पोरगा, प्लांटमधून ड्यूटी करून आला अन् हातातला डबाही खाली न ठेवता बोलला, "सोमवारी फिर से टेस्ट है ना? नापास झाली तर सायन्स बंद. कॉमर्स घे." पोरीचं तोंड एवढंसं झालं. तिले लॅबमध्ये काम करायचं आहे, दुसरं काही तिले सुचतच नाही.

तिचं अडत होतं कॉन्जुगेट जोड्या ओळखण्यात. मी सातवीपर्यंतच शाळा पाहिली, पण पोराच्या पुस्तकांना कव्हर घालता घालता वाचायची खोड लागली, ती काही सुटली नाही. म्हटलं, "वाच मोठ्यानं. दोघी मिळून पाहू."

तिनं वाचलं. आम्ल म्हणजे एच प्लस देणारं, आम्लारी म्हणजे तो घेणारं. अमोनिया अन् पाणी भेटले की पाणी आपला एक एच प्लस अमोनियाले देते. मग बाणाच्या पलीकडे अमोनियाचं होते अमोनियम, अन् पाण्याचं उरते हायड्रॉक्साइड.

"मग जोडी कोणाची?"

"अमोनिया अन् पाण्याची. बाजूबाजूले तर बसले आहेत, आजी."

"बाजूले आहे म्हणून जोडी? भाजीबाजारात मी कोणाच्याही बाजूले उभी राहते, तर काय त्याच्या घरची झाली?" हसली जराशी. मग मी सांगितलं, "जोडी म्हणजे तेच माणूस, दिल्या-घेतल्याआधी अन् दिल्या-घेतल्यावर. पाणी अन् हायड्रॉक्साइड ही एक. अमोनिया अन् अमोनियम ही दुसरी."

"ते ठीक आहे. पण पुस्तक अमोनियमले आम्ल म्हणून राहिलं. कावून? त्यानं तर घेतलं! देणारं ते आम्ल ना?"

इथं माही गाडी थांबली. तेवढ्यात शेजारची वैनी विरजण मागायले आली. तिचे सासरे नागपूरकडचे, रेल्वेतले. मी तिले दारातच धरलं. "तू अमोनिया हो."

"अवो काकू, मले दही लावायचं आहे!"

"लावशील. आधी हे घे." माह्या वाटीत रव्याचा लाडू ठेवून तिले दिली. मी पाणी, लाडू म्हणजे एच प्लस. वैनीनं लाडू हातात घेतला. "झालं, आता तू अमोनियम. दे वाटी इकडे."

पण वैनी काही वाटी देईना. "रिकामी वाटी कशी देऊ, काकू? बरं दिसते का?"

"अवो बाई, खेळ चालू आहे!"

"खेळ असो का काही असो. आमच्याकडे कोणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत." अन् तिनं तोच लाडू पुन्हा वाटीत ठेवून वाटी माह्या हातात दिली. मले असा राग आला! म्हटलं, सगळा खेळ नासवला हिनं.

पण नात उभी राहिली. "थांब आजी! या काकूनं घेतलं म्हणूनच तिच्याजवळ द्यायले काही होतं. म्हणून अमोनियम आम्ल! अन् तुही वाटी रिकामी झाली म्हणून तू घ्यायले मोकळी. म्हणून हायड्रॉक्साइड आम्लारी! वापस जाणारा बाण पण आहे ना!"

मी पुस्तकात पाहिलं. खरंच, एकावर एक, उलटसुलट असे दोन बाण. मी आतापर्यंत ती छापखान्याची चूक समजत होती.

मग काय विचारतेस! पोरगी पानं उलटत सुटली. "पण हे बघ, हायड्रोक्लोरिक आम्लासमोर पाणी घेऊन राहिलं. आत्ता तर देत होतं!"

वैनीच बोलली, "त्यात काय? काकू आपल्या घरी वाढते, अन् माह्या घरी आली का पाटावर बसते. बाई तर तीच ना." मग नातीनं सल्फ्यूरिक आम्लाची जोडी सल्फेटशी लावली. मी म्हटलं, "मोज. दोन लाडू गेले. जोडीत एकाच लाडवाचा फरक पाहिजे." तिनं आपलं आपण खोडलं अन् बायसल्फेट लिहिलं. विरजण द्यायचं मात्र राहूनच गेलं. वैनी रिकाम्या हातानं घरी गेली.

टेस्टचा पेपर मिळाला त्या दिवशी पोरानं तो उभ्या उभ्या वाचला. मी पोळी लाटता लाटता त्याच्या तोंडाकडे पाहत होती. मार्क काही फार नव्हते, पण पास होती. जोड्या सगळ्या बरोबर. तो म्हणाला, "चलो, ठीक है. सायन्सच राहू दे," अन् हात धुवायले गेला. नात पेपर घेऊन पहिले वैनीकडेच पळाली. दारातूनच हाका, "अमोनिया काकू! ओ अमोनिया काकू!" तेव्हापासून गल्लीतली सगळी लेकरं वैनीले त्याच नावानं बोलावून राहिली. ती माह्यावर रुसली आहे. "ठेवायचंच होतं तर जरा चांगल्या वासाचं नाव ठेवायचं!"

आता पोरीच्या पुस्तकात बफर नावाचं काहीतरी आलं आहे, अन् आम्ही तिघी त्याच्यापुढे डोकं धरून बसलो आहोत. या खेळाले चौथा हात पाहिजे, अन् तुह्या हाताले तर तशीही काही कामं नाहीत. वैनीचा रुसवा काढायले का होईना, पण ये. या रविवारीच ये, बाई.