वाघाच्या गाडीतली मोटार

मोटारीत माणसं बसतात, एवढंच मला ठाऊक होतं. मोटारच दुसऱ्या गाडीत बसून घाट चढणार, आणि तीही अंगाला धूळ लागू नये म्हणून, हे महाडच्या सुताराच्या मांडवात पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी खदखदून हसलो. पुढे जे पाहिलं त्यानंतर हसू आलं नाही. आज लिहितानाही राग येतो.

तेव्हा मी अंधश्रद्धेवर आणि जुलमावर पत्रकं छापून गावोगाव वाटत असे. त्या उन्हाळ्याचं पत्रक घाटदेवाच्या नारळावर होतं. आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी शेंदूर फासलेला एक दगड आहे. वर जाणारा प्रत्येक गाडीवान तिथे थांबतो, गाडीवरचा बांबूचा तट्ट्या उचलून देवाला माल दाखवतो, नारळ फोडतो, मगच बैल हाकतो. दगडाला डोळे कुठले? असा माझा साधा सवाल होता. सुताराचा मांडव माझ्या खोलीला लागूनच, त्यामुळे ती गाडी तयार होताना मी रोज पाहत होतो.

मोटार मुंबईच्या एका शेठची. कोरी करकरीत, गलबतातून खाडीने आलेली. महाबळेश्वरला जमणाऱ्या बड्या मंडळींपुढे ती आत्ताच दुकानातून निघाल्यासारखी उभी राहायला हवी होती. शेठ पुढे निघून गेला. मागे त्याचा मुकादम राहिला. त्याने दोन खटारे पाहिले, नापसंत केले, आणि शेवटी एका बुडालेल्या सर्कशीची वाघांची गाडी उचलून आणली. चार चाकं, लोखंडी सांगाडा, दोन्ही बाजूंना गज. सुताराने तळ लांबवला, मागे दार बसवलं, मोटार चढवायला जाड फळ्या केल्या, गजांवर आतून सागवान ठोकलं. सांध्यांत गलबताला भरतात तसा कापूस आणि राळ भरायला लावली.

"वाऱ्याला दोन फटी ठेवतो," सुतार म्हणाला.

"वाऱ्याबरोबर धूळ येते, मिस्त्री."

"बरं, मग तळाला कड्या मारतो. चाकं दोराने आवळू."

"दोर घासला की रंग जातो. दोर नको, खिळे नकोत, ठोकळे नकोत."

"अहो, चढावर मोटार मागे सरकून दार फोडील की!"

"त्याची सोय केलीय," मुकादम म्हणाला.

काय सोय, ते सुताराने विचारलं नाही. मीही विचारलं नाही.

चार बैलजोड्या लावून गाडी निघाली. पोलादपूरकडचा एक म्हातारा गाडीवान सगळ्यांचा म्होरक्या. मी पत्रकांचा गठ्ठा घेऊन पुढच्या फळीवर बसलो. मोटारीचा क्लीनर जवळच्या कुडपण गावचा, नुकतं लग्न झालेला. पोलादपूरला बैलांना पाणी दाखवलं तेव्हा तो नदीवर पाय घासून घासून धूत होता. त्यानंतर दिसला नाही. गेला असेल पुढे, असं मी धरून चाललो.

भर दुपारी आंबेनळीच्या पायथ्याशी म्हाताऱ्याने बैल थांबवले.

"मुकादम, दार उगडा. देवाला माल दावायचा हाय."

"आत मोटार आहे. देवाला काय करायचीय मोटार?"

"ते देव बगंल. पेटी बंद ठेवून मी घाट चढणार नाय."

मीही मुकादमाच्या बाजूने पडलो. देव आंधळा आहे, बाबा, उगाच वेळ घालवू नका, म्हणत पत्रक पुढे केलं.

"तुझा कागद मुका हाय, मास्तर," म्हातारा म्हणाला, "नि माझा देव आंधळा. दोघांचं जमंल." बाकीचे गाडीवान फिदीफिदी हसले. म्हाताऱ्याने खरोखरच पुढची जोडी सोडली. तेव्हा मुकादमाने शिव्या देत कमरेची किल्ली काढली.

दार उघडलं तशी आतून भट्टीसारखी झळ आली. तिला व्हार्निशचा, पेट्रोलचा आणि ओकारीचा वास होता. मोटार चकाकत होती. मोटार वळवायच्या चक्रावर डोकं टेकून क्लीनर पडला होता. हातब्रेक एकटा पुरणार नाही म्हणून त्याला पायाच्या ब्रेकवर बसवला होता. झोप लागली तरी पाय सुटू नये म्हणून तो पाय मुंडाशाने ब्रेकच्या पट्टीला बांधलेला. दुसऱ्या पायाखाली धुतलेलं फडकं, गालिचा मळू नये म्हणून. आणि आधी ओकारी आली ती त्याने स्वतःच्या सदऱ्यात धरली होती.

ही सोय!

"अरे, हा कुडपणचा!" म्हातारा ओरडला. आम्ही त्याला ओढून सावलीत आणला, भोपळ्यातलं पाणी तोंडावर मारलं. बऱ्याच वेळाने डोळे उघडले. पहिला शब्द काय असावा?

"गाडीला काय झाला नाय ना?"

"बघा," मुकादम म्हणाला, "मर्जीने बसलाय. विचारा त्याला."

"मर्जीनंच," तो म्हणाला, आणि लटपटत पुन्हा दाराकडे निघाला. जुलमी माणसाशी भांडायला मी शिकलो होतो. या माणसाशी काय बोलायचं, ते माझ्या एकाही पत्रकात नव्हतं.

म्हाताऱ्याने त्याचा दंड धरला. "तुझी आय मला काय म्हनंल रे? बस खाली." मग त्याने कुऱ्हाड मागवली. दोघा गाडीवानांनी ऐनाच्या लाकडाचे ठोकळे तोडून मोटारीच्या चाकांना लावले. म्हातारा स्वतः गजांवरच्या फळ्या उचकटू लागला.

"अरे, धूळ! पॉलिश!" मुकादम किंचाळला.

"वाघाला वारा होता ना यात? मग मानसाला पन पायजे. नायतर हाका तुमीच बैल!"

दोर आवळायची वेळ आली तसा क्लीनर रडकुंडीला आला. "नको हो, ओरखडा आला तर मला ठेवायचे नाय." ते खरंच होतं. मी पत्रकांचा गठ्ठा सोडला, त्याच्या जाड घड्या केल्या आणि दोर नि रंग यांच्यामध्ये जिथे तिथे कोंबल्या. नारळ फुटला. म्हाताऱ्याने पहिला तुकडा क्लीनरला दिला, दुसरा मुद्दाम माझ्यापुढे धरला. मी घेतला.

घाटभर क्लीनर आमच्याबरोबर चालत आला. पण प्रत्येक वळणावर धावत जाऊन गजांना तोंड लावायचा आणि आत बघायचा. तांबडी धूळ बसलेली दिसली की हळहळायचा. शेवटी मी ओरडलोच, "अरे, मरता मरता वाचलास! जरा स्वतःकडे बघ!"

त्याने खरंच खाली अंगाकडे पाहिलं.

"माझा काय," तो म्हणाला, "नदीत बुडी मारली की झालो साफ."